गजाननच्या नावापुढचा फ

हमीद, मेलेल्या माणसावर रागवू नये, असं माझी बायको बारा दिवसांपासून सांगून राह्यली. मी तिले म्हटलं, बाई, तो जिवंत होता तेव्हा रागवायचं कारण मले माहीत नव्हतं. आता माहीत झालं, तर हा माणूस जागेवर नाही. तुझं नेहमीचंच आहे हे. ऐन भांडणाच्या वेळी तू चप्पल घालून निघून जायचा. या वेळी चप्पल ठेवून गेला, एवढाच फरक.

लोक येऊन तुझं चांगलं बोलून राह्यले. बोलू दे. मले मात्र तुझ्याशी भांडायचं आहे, अन् मधे तुझं ते "जाऊ द्या नं सर" ऐकायचं नाही.

तुले कोणी बोलावलं होतं रे मैदानावर? मी मलकापुरात कॉलेजचा खेळाचा मास्तर. कबड्डीची टीम माझी, शिट्टी माझी, पोरं माझी. तू कापसाचा ग्रेडर. दिवसभर खरेदीच्या आवारात गाड्यांमधला कापूस मुठीत घ्यायचा, दोन अंगठ्यांमधे धागा ओढून पाहायचा अन् पावतीवर प्रत लिहून द्यायची, हे तुझं काम. पण संध्याकाळचे पाच वाजले का अंगभर कापसाची लव घेऊन तू आमच्या मैदानावर हजर. रोलरवर बसायचा अन् न विचारता माझ्या टीमची प्रत लावायचा. जन्मात कधी कबड्डीचा दम धरला नाही तू. मी एकदा तसं तोंडावर म्हटलं, तर म्हणाला, "म्या कापूसबी कधी पिकवला नाही, सर. कळते नं मंग तरी."

आपलं पहिलं भांडण आठवते का? मी वहीत लिहीत होतो, तू मागून डोकावला.

"काय लिहून राह्यले, सर?"

"पकडी. कोणी किती धरल्या."

"अन् ज्या धरायची गरजच पडली नाही, त्या कुठी लिहिता?"

मी म्हटलं, अशा काही पकडी नसतात. तू हसला. तुझं ते हसणं म्हणजे समोरच्याचा जीव घेणं होतं, सांगून ठेवतो.

"चढाईवाला कुठून घुसला ते समदं गाव पाह्यते. तो कुठी घुसला नाही, ते पाहा. तिथी कोन उभा होता?"

मी म्हटलं, कोण उभा होता म्हणजे काय, जो उभा होता तो नुसता उभाच होता. तू म्हणाला, "हाव. तोच तर."

चार दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी गुपचूप पाहून राह्यलो, तर खरंच. आमचा डावा कॉर्नर भारी, घोटा धरला का सोडत नसे, टाळ्या सगळ्या त्याच्या. पण चढाईवाला मुळात त्याच्याकडं जायचा काऊन? कारण मधल्या पोरानं बाजूच्याचा हात धरून एक पाऊल पुढं टाकलेलं असायचं, अन् दुसरी वाटच ठेवली नसायची. त्या पोराच्या नावापुढं माझ्या वहीत शून्य. इतकी वर्षं मी नोकरी केली अन् साखळीतला हात कधी पाह्यलाच नाही. हे तू दाखवलं. राग याचाही आहे, की ते मैदानाबाहेरच्या माणसानं दाखवावं.

मंग एक दिवस चिडून वहीच तुझ्याकडं फेकली. घे, तूच लिही. तू काय लाजतो? खिशातून पेन काढला अन् प्रत्येक नावापुढं एक एक अक्षर टाकून मोकळा झाला. "ला" म्हणजे लांब धागा, पक्का गडी. "ओ" म्हणजे ओला, अजून वाळवायचा आहे, घाई करू नका. "क" म्हणजे कवडी, किडीनं डागलेला कापूस असते तसा, काही उपयोग नाही. पोरांनाही नाद लागला. सराव झाला का रोलरभोवती गोळा व्हायची, "चाचा, आज मी ला का ओ?" तू कधीच खुलासा केला नाही. काऊन ला, काऊन ओ, एक शब्द नाही.

मी विचारलं होतं एकदा, सांगत काऊन नाही म्हणून. तू डोक्यावरची जुनी खोक दाखवली. "एका गाडीवाल्याले समजावून सांगत बसलो होतो, सर. मागच्या गाड्यावाल्याईनं दगड उचलले. ग्रेडरनं अक्षर लिहाव अन् पुढच्या गाडीकडं जाव." पटलं मले. तिथंच घात झाला.

ती बीटी कपाशीची सुरुवातीची वर्षं होती. आठवते नं, बियाण्याच्या पुड्यांसाठी दुकानापुढं रांगा, पोलीस काठ्या घेऊन उभे, अन् माझा कॅप्टन सरावाले नाही कारण तो बापाच्या जागी रांगेत. नवीन बीटी सगळी एकदमच फुटायची. दिवाळीच्या तोंडावर शेतंच्या शेतं पांढरी, मजूर मिळत नाही, पोरं घरी वेचायले. परत आले का बोटांच्या टोकांना बोंडांच्या काट्यांनी भेगा पडलेल्या. त्या बोटांनी घोटा काय धरणार? तू तुझ्या डब्यातलं व्हॅसलीन त्यांच्या बोटांना लावत बसायचा अन् मी घड्याळ पाहत ओरडायचो. मंग भाव पडले, पाऊस गेला, टीममधले दोघं कामाले सुरतेला गेले ते गेलेच. एका पोराच्या बापानं जे केलं ते तुले माहीत आहे. मी ते लिहीत नाही. त्या संध्याकाळी तू वही उघडली नव्हती.

अन् त्याच काळात आपल्याकडं गजानन होता.

संग्रामपूरच्या पलीकडं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव त्याचं. बुटका, मान जाड, चाल अशी की बैल पाणी पिऊन परत निघाला. उजवा कव्हर. सरावाच्या मॅचमधे खांबासारखा उभा राहायचा. चढाईवाला समोरून येऊन जाते, हा पाहून राह्यला. मी बोंबलतो, "अरे हल बे!" हा हलत नाही. सराव आपला दहा-दहा मिनिटांचा, कारण सहाला अंधार. त्या दहा मिनिटांत गजाननच्या पकडी किती? एखादी. तीही चुकून.

विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी टीम निवडायची होती. मी वही तुझ्याकडं दिली. तू अक्षरं टाकली. ला, ला, ओ, क, ला. अन् गजाननच्या नावापुढं फ.

आता तूच सांग हमीद, मी काय समजावं? फ आधी कधी लिहिला नव्हता तू. अन् दिवसातून पन्नास वेळा तुझ्या तोंडात एकच शब्द, फालतू. चहा फालतू, माझी शिट्टी फालतू, पंच फालतू, बियाणं फालतू, मंत्री तर विचारूच नको. मी म्हटलं, झालं, कवडीच्याही खालची प्रत काढली यानं. फ, फालतू. अन् मनातून बरं वाटलं, खोटं काऊन बोलू. माझा आकडा अन् तुझं अक्षर पहिल्यांदाच जुळलं होतं. गजाननले काढलं. त्याच्या जागी ज्याच्या पकडी जास्त होत्या तो घेतला. तो संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा होता, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हती. तुझ्या डोक्यात मात्र होती म्हणे. त्यावर येतो.

दुसऱ्या दिवशी गजानन माझ्या खोलीत आला. "सर, माह्यं नाव काऊन नाही?"

इथं मी सरळ म्हणू शकत होतो, की बाबा, मी तुले काढलं. मास्तर आहे, माझा निर्णय. पण पोराचं तोंड पाहून मले ते जमलं नाही. मी वही उघडली, तुझ्या अक्षरावर बोट ठेवलं अन् म्हटलं, "हे पाह्य. तुझ्या हमीदचाचानं लिहिलं. फालतू."

तो त्या अक्षराकडं पाहत राह्यला. मंग वाकून माझ्या पाया पडला अन् गेला. संक्रांतीनंतर कॉलेजलाच आला नाही. तू विचारलं, "गजानन दिसत नाही?" मी म्हटलं, गेला. तू मान हलवली.

अमरावतीची फायनल तू पाह्यली. पहिल्या हाफात आपण पुढं. दुसऱ्या हाफात त्यांच्या त्या उंच पोरानं आपली उजवी बाजू बरोबर ओळखली. भाचेबुवा प्रत्येक वेळी पकडायले झेपावायचे, हात सोडायचे, साखळी तुटायची, अन् हा मधून गेला. एकदा, दोनदा, पाचदा. आपले सगळे बाद होऊन लोण चढला. चार गुणांनी गेली मॅच. माझ्या वहीप्रमाणे भाच्याच्या नावावर त्या दिवशी तीन पकडी होत्या. सगळ्यांत जास्त.

परतीच्या गाडीत तू बडनेऱ्यापासून मलकापूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसला. मी समजलो, याले आता आपल्या फ ची लाज वाटून राह्यली. मी मोठ्या मनानं ठरवलं, बोलायचं नाही. मित्राले टोचायचं नाही. अन् हमीद, पुढं इतकी वर्षं मी ते पाळलं. मॅटवरची कबड्डी खरी का मातीवरची, यावर आपण सहा महिने भांडलो. घोटा आधी का मांडी आधी, यावर तू एकदा माझ्या घरून न जेवता गेला. सरकारी खरेदी बंद पडत गेली, तुझ्यासारख्यांना घरी बसवलं, गुलाबी अळी बीटीलाही खाऊन गेली, त्या सगळ्यावर आपण भांडलो. त्या फ वर नाही. आतून मले वाटायचं, पाहा, मी किती दिलदार आहे.

अन् तरी तू नसता तर काय असतं माझं? मी आयुष्यभर पकडी मोजत राह्यलो असतो. तुले आठवते, पहिल्या वर्षाच्या पोरांना साखळी जमत नव्हती, तर तू पन्नाशीत पँटचे पाय दुमडून मैदानात उतरला? एका बाजूला पोरगा, दुसऱ्या बाजूला मी. माझा हात धरला अन् म्हणाला, "सर, डोळे मिटा. म्या कवा निंघनार ते हातानं सांगा." तुझा अंगठा धागे ओढून ओढून गुळगुळीत झाला होता. मी डोळे मिटले अन् तू पाऊल उचलायच्या आधी मले कळलं. पोरं हसली. मी पण हसलो. त्या दिवसानंतर मी बाजूला उभ्या माणसाकडं नीट पाहायला शिकलो, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. काय शिकलो, डोंबल!

तू गेला त्या दिवशी मी जुन्या पोरांना फोन केले. गजाननचा नंबर कुठून तरी मिळवला. संग्रामपूरच्या स्टँडाजवळ फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे त्याचं. बीटी आली तेव्हा म्हणे फवारणी संपणार होती. त्याचं दुकान बरं चालते.

"कळलं सर," तो म्हणाला.

"येतो का मयतीले?"

"नाही येत. ज्यानं मले फालतू म्हटलं, त्याच्या मयतीले काऊन येऊ?"

अन् मी काय म्हणालो माहीत आहे? "जाऊ दे रे, जुनी गोष्ट." तुझ्या वतीनं मी त्याले माफ करायले सांगून राह्यलो होतो. तुले अजून मातीही दिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी जियारतीच्या दुआसाठी तुझ्या घरी गेलो. जुबेदाभाभी पदर सावरून बाहेर आल्या. कोण आलं, कोण नाही, विचारलं. मंग म्हणाल्या, "गजानन नाही आला? तुमचे भाई तर त्याले लय याद करत. 'मेरा फरदड' म्हनत."

"काय म्हणत?"

"फरदड. समदी वेचनी झाली, लोकं पऱ्हाटीची झाडं उपटून टाकतात. कोनी पानी देऊन ठेवली तर तिले मंग उशिरानं बोंडं येतात नं, ते फरदड. भाई म्हनत, हा पोरगा पहिल्या हाफात काहीच देनार नाही. तो पाह्यत राह्यते. बाकीचे थकले का मंग तो देते."

मी मास्तराचा पोरगा, मास्तर. कापूस गादीत पाह्यलेला. भिंतीला टेकून बसलो.

"मंग मी त्याले काढलं तेव्हा..." 

"दोन दिस जेवले नाही. मी म्हटलं, सराले विचारा तरी. म्हने, नको. अध्यक्षाच्या भाच्यासाठी त्याइच्यावर जोर आला असंल. विचारलं तर बिचाऱ्याले खोटं बोलाव लागंल."

हमीद! अरे, काय माणूस आहेस का कोण आहेस? खोटं बोलावं लागंल म्हणून विचारलं नाही? इतकी वर्षं तू मले लाचार समजला, अन् लाचार समजूनही रोज संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसला, माझा चहा फालतू म्हणत प्यायला? एकदा शिवी द्यायची होती नं! "काऊन काढलं बे त्याले?" एवढंच. मी म्हटलं असतं, तूच तर फ लिहिला. तू म्हटलं असतं, फरदड, सर, फरदड. दोन मिनिटांचं काम. पोरगं अमरावतीत उजव्या बाजूला उभं असतं. तू मले सांभाळत बसला, मी तुले सांभाळत बसलो, अन् मधल्या मधे तो घरी गेला. असली सांभाळणूक चुलीत घाल!

हे सगळं भाभींसमोर बोललो नाही, घरी येऊन बोललो. बायको म्हणाली, ओरडू नका, शेजारी ऐकतात. ऐकू दे.

काल सकाळच्या एसटीनं संग्रामपूरला गेलो. गजानन पंप उघडून बसला होता. केस पांढरे झाले, मान तशीच जाड. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यानं हातातला वॉशर खाली ठेवला नाही.

"फरदड?" तो म्हणाला.

"हो."

"सर, तुमाले फरदड माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"इतके वर्स इथी राहून?"

मी उघड्या पंपाकडं पाह्यलं.

"फालतू म्हनून चाचानं सांगतलं होतं का तुमाले, तोंडानं?"

"नाही. मी तसं वाचलं."

"अन् मले सांगतानी असं म्हटलं, का चाचानं म्हटलं."

"हो."

त्यानं बोलावं, ओरडावं, असं मले फार वाटलं. त्यानं हात रॉकेलनं धुतले, मंग साबणानं धुतले, शटर ओढलं अन् गाडीला किक मारली. "बसा मांगं."

मलकापूरले पोचलो. कब्रस्तानच्या गेटाजवळ गाडी लावली. तिथल्या माणसाला तुझी जागा विचारली. मी उतरलो तर म्हणाला, "सर, तुमी थांबा." आत गेला. मले बाहेरून फक्त त्याची पाठ दिसत होती. बराच वेळ उभा होता, मंग खाली बसला. परत आला तेव्हा डोळे लाल.

"काय बोलला रे?"

"माफी मांगतली."

"तू काऊन? तुझा काय गुन्हा?"

"इतके वर्स शिव्या देल्या, सर, चाचाले. येता-जाता." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "आता तुमी जा."

मी गेटाले हात लावला, हमीद. पाय उचललाच नाही. मी म्हटलं, उद्या येतो. तो माझ्याकडं पाहत राह्यला, तसाच, मैदानावर पाहायचा तसा. मंग मले घरी सोडून गेला. पाणीही घेतलं नाही.

जियारतीपासून बारा दिवस मी तुझ्यावर ओरडून राह्यलो, की विचारलं काऊन नाही. पण वही माझी होती. टीम माझी होती. विचारायचं काम माझं होतं, अन् मी विचारलं नाही एवढंच नाही, तुझं नाव पुढं करून पोराले हाकललं अन् आयुष्यभर स्वतःला दिलदार म्हणत राह्यलो. हे तुझ्यापुढं उभं राहून बोलायची अजून छाती होत नाही. म्हणून कागदावर.

अन् एक ऐक. गजानननं काल तुझी माफी मागितली, ती घेऊ नको. ती त्याची नाही. माझी आहे.